अफवा आधी पोहोचते, न्याय नंतर



आम्ही दोघी बहिणी. थोरली पेणला दिलेली, धाकटी रोह्याला. थोरली गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जाते आणि हंगाम संपला की पापड लाटते. धाकटी घरी शिवणयंत्र चालवते. तिचे मिस्टर कंत्राटी कामगार आहेत. दोघींचे शिक्षण दहावीपर्यंतच झाले. तरीही गेल्या वर्षभरात आम्हाला कायद्याची कलमे पाठ करावी लागली आणि परदेशात याबाबत काय चालते तेही मिळवून वाचावे लागले. घरावर प्रसंगच तसा आला. त्यातून जे समजले ते आपल्यासारख्या कष्टकरी कुटुंबांच्या उपयोगी पडावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

गेल्या वर्षी जयंतीच्या तोंडावर मिस्टरांच्या कारखान्यातील पाळीच्या मोबाइल ग्रुपवर एक चित्र आले. कारखान्याचे नाव आम्ही येथे देत नाही. परमपूज्य बाबासाहेबांच्या छायाचित्राची विटंबना केलेली, आणि खाली आपल्या समाजाला उद्देशून 'सरकारचे जावई' वगैरे घाणेरडा मजकूर. पाठवणारा रोज शेजारी बसून डबा खाणारा माणूस. ग्रुपमध्ये साठ-सत्तर कामगार. काहींनी हसण्याची चिन्हे टाकली, बाकीचे गप्प राहिले. ते गप्प राहणेच आम्हाला जास्त लागले.

त्या रात्री घरात दोन मते झाली. एकोणीस वर्षांचा मुलगा संतापून म्हणाला, "आई, त्यांच्या देवांची याहून वाईट चित्रं माझ्याकडे आहेत. आत्ता टाकतो." त्याचे वडील म्हणाले, "डिलीट कर आणि झोप. कंत्राटी माणसाला गेटवरून परत पाठवायला कारण लागत नाही." एकाला अपमान दिसत होता, दुसऱ्याला घरातली चूल. दोघांचेही खोटे नव्हते. धाकटीने रात्रीच पेणला फोन लावला आणि थोरली सकाळच्या गाडीने रोह्याला आली. चित्र पुसायचे नाही आणि त्याला उत्तरही द्यायचे नाही, एवढे आम्ही आधी ठरवले.

असे ठरवायला आम्हाला महाडने शिकवले होते. आमचे वडील दरवर्षी २० मार्चला आम्हाला महाडला नेत. चवदार तळ्याच्या काठावर बसून ते सांगत, "पोरींनो, इथे बाबासाहेब पाणी प्यायले हे सगळे सांगतात. त्यानंतर काय झाले तेही लक्षात ठेवा." २० मार्च १९२७ रोजी आपली माणसे शांतपणे मिरवणुकीने गेली, पाणी प्यायली आणि मांडवात परत आली. दोन-एक तासांत गावात आवई उठली की आता अस्पृश्य लोक वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. तसे कोणाच्याही मनात नव्हते. पण आवई उठताच लाठ्या घेऊन जमाव निघाला. परिषदेच्या मांडवात जेवत असलेल्या आणि गावात सापडलेल्या आपल्या माणसांना त्यांनी झोडपले. बायका आणि मुलेही त्यातून सुटली नाहीत. आपल्यामध्ये लष्करातून परतलेले पेन्शनर होते. एका इशाऱ्याची ते वाट पाहत होते. बाबासाहेबांनी तो इशारा दिला नाही. त्यांनी लोकांना शांत राहायला सांगितले आणि कायद्याचा रस्ता धरला. मारहाण करणाऱ्यांपैकी काहींना जून महिन्यात चार महिन्यांची सक्तमजुरी झाली. तळ्याच्या हक्काचा दावा मात्र मुंबई हायकोर्टापर्यंत गेला आणि अंतिम निकाल आपल्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. अफवेला दोन तास पुरले, न्यायाला दहा वर्षे लागली. या मधल्या काळात माणसाने काय करायचे, हाच खरा प्रश्न आहे.

कायद्याचा इतिहास वाचताना एक गोष्ट मनाला लागली. धर्माची जाणूनबुजून निंदा करणाऱ्याला शिक्षा देणारे कलम २९५-अ इंग्रज सरकारने १९२७ सालीच आणले, म्हणजे महाडला आपली माणसे पाणी प्यायल्याबद्दल मार खात होती त्याच वर्षी. धर्माच्या अपमानाला कायद्याचे कुंपण मिळाले. आपल्या माणसाच्या अपमानाचे काय? स्वातंत्र्यानंतर १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) कायदा झाला. १९७६ साली तो सुधारून नागरी हक्क संरक्षण कायदा झाला, तेव्हा कुठे अस्पृश्यतेच्या कारणावरून अपमान करणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरला. मध्ये ४९ वर्षे गेली.

त्यानंतर आला १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा, ज्याला आपण अॅट्रॉसिटी म्हणतो. तो ३० जानेवारी १९९० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी संसदेने धर्मांतरित बौद्धांचा अनुसूचित जातींत समावेश केला. म्हणून, 'तुम्ही बौद्ध झालात, तुम्हाला हा कायदा कसा?' असे कोणी म्हणाले तर दबून जाऊ नये. मात्र जातीचा दाखला काढून घरात ठेवावा. या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. लोकांच्या देखत जातीवरून अपमान किंवा शिवीगाळ करणे हा गुन्हा तर आहेच. त्याशिवाय लिहून, बोलून किंवा चित्राने आपल्या समाजाविरुद्ध द्वेष पसरवणे, हे कलम ३(१)(यू). आपल्याला पूजनीय असलेल्या दिवंगत व्यक्तीचा अनादर करणे, हे कलम ३(१)(व्ही). यांना सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. २०१८ साली जोडलेल्या १८-अ कलमाप्रमाणे गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची अट नाही. तक्रार लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवणे आणि नोंदलेल्या गुन्ह्याची प्रत विनामूल्य देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे.

हे सर्व आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षांनी वहीत उतरवून दिले. ती वही घेऊन आम्ही ठाण्यात गेलो. पहिल्या दिवशी "साहेब नाहीत." दुसऱ्या दिवशी "ताई, साधा फॉरवर्ड आहे, पुसून टाका, कशाला वाढवता?" तिसऱ्या दिवशी अध्यक्षाबाई बरोबर आल्या. त्यांनी आवाज न चढवता कलमे वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "आम्ही बसतो, तुम्ही सावकाश लिहा." दुपारी गुन्हा नोंदला गेला. मूळ मोबाइल आणि मूळ संदेश जागेवर होता म्हणूनच हे झाले. पुसला असता तर आमच्या बोलण्याला काय आधार राहिला असता? मोबाइलमधील मजकूर कोर्टात मांडताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणे प्रमाणपत्रही लागते, हे ध्यानात असू द्यावे.

याची किंमतही सांगितली पाहिजे. कंत्राटदाराने "वातावरण निवळू दे" म्हणून मिस्टरांना बारा दिवस कामावर घेतले नाही. त्या बारा दिवसांची रोजी बुडाली. पाठवणारा माणूस पुढे घरी आला, ओट्यावर बसला आणि म्हणाला, "मी वाचलंच नव्हतं, दुसरीकडून आलं ते पुढे ढकललं." खरे की खोटे, ते कोर्ट ठरवील. खटला उभा आहे. त्याची बायको आणि धाकटी आजही एकाच डब्यातून प्रवास करतात आणि एकमेकींना बसायला जागा देतात.

मुलाला मात्र हे पटत नव्हते. तो म्हणाला, "बाहेरच्या देशांत असं चालतं का?" मग त्यालाच आम्ही कामाला लावले. त्याने कॉलेजच्या ग्रंथालयातून माहिती आणली आणि रविवारी विहारात वाचून दाखवली.

जर्मनीत हिटलरच्या काळात यूलियस श्ट्रायशर नावाचा एक संपादक होता. तो आपल्या साप्ताहिकातून वर्षानुवर्षे ज्यूंविरुद्ध गरळ ओकत राहिला. महायुद्धानंतर न्युरेंबर्गच्या न्यायालयाने त्याला दोषी धरले आणि १९४६ साली फाशी दिली. त्याने स्वतः बंदूक चालवली नव्हती. बंदूक चालवणाऱ्यांची मने तयार केली होती. आज जर्मनीत लोकसमूहाविरुद्ध द्वेष भडकवणे हा गुन्हा आहे. तेथे २०१७ साली असाही कायदा झाला की उघड बेकायदेशीर मजकुराची तक्रार आल्यावर मोठ्या कंपन्यांनी तो २४ तासांत काढावा, नाहीतर ५ कोटी युरोपर्यंत दंड. २०२४ पासून त्याची जागा बहुतांशी संपूर्ण युरोपीय संघाच्या कायद्याने घेतली आहे.

अमेरिकेत उलटी रीत. काळ्या लोकांचा द्वेष करणाऱ्या कू क्लक्स क्लॅनच्या एका पुढाऱ्याच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली सांगितले की भाषणातून तत्काळ हिंसा घडवण्याचा हेतू असेल आणि ती घडण्याचा संभवही असेल, तरच शिक्षा. तो पुढारी सुटला. बोलण्याचे स्वातंत्र्य त्यांनी एवढे मोठे मानले.

आफ्रिकेतील रवांडा देशात १९९३ साली एक खासगी रेडिओ सुरू झाला. झकास गाणी लावायचा आणि गाण्यांच्या मध्ये तुत्सी लोकांना 'झुरळे' म्हणायचा. १९९४ साली कत्तल सुरू झाली तेव्हा तोच रेडिओ माणसांची नावे आणि ठिकाणे सांगू लागला. सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसे मारली गेली. २००३ साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने रेडिओचे दोन संस्थापक आणि एका नियतकालिकाचा संपादक यांना दोषी ठरवले. अपिलात शिक्षा कमी झाल्या, तरी तिघेही दोषीच राहिले. न्याय झाला, पण माणसाला झुरळ म्हणण्याची सवय लागल्यापासून निकालापर्यंत दहा वर्षे गेली. 'जावई' म्हणून हसणे आणि 'झुरळ' म्हणून मारणे यांत अंतर खूप आहे हे खरे. परंतु रस्ता तोच आहे, आणि तो हसण्यापासूनच सुरू होतो.

मग जर्मनीसारखा कडक कायदा सगळीकडे करावा काय? येथेही विचार केला पाहिजे. नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात पालघरच्या दोन मुलींना फेसबुकवर बंदविषयी साधे मत लिहिल्याबद्दल आणि ते आवडल्याची खूण केल्याबद्दल अटक झाली. त्या प्रकरणातून पुढे आलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-अ कलम रद्द केले. कायद्याचे शब्द मोघम असले की ते बळकटाच्या हातात जातात आणि दुबळ्यावर उलटतात. अॅट्रॉसिटी कायद्याचे मोल येथे कळते. कोणी कोणाविरुद्ध काय केले तर गुन्हा, हे त्यात नेमके लिहिले आहे.

पण कितीही नेमका कायदा असला तरी तो घटनेच्या मागून येतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे आठवडी बाजारात नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसे जमावाने ठेचून मारली. भिक्षा मागून पोट भरणारे सोलापूर जिल्ह्यातील गरीब भटके ते. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश मोबाइलवरून फिरत होते, एवढेच निमित्त. मारणारेही गरीबच होते. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने आपल्या देशात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूण दिसू लागली. बाबासाहेबांच्या काळात आवई तोंडातोंडी धावत होती. आता ती आपल्या उशाशी ठेवलेल्या यंत्रातून येते, आणि तिला वाट द्यायची की अडवायची हे आपल्या अंगठ्यावर अवलंबून असते.

यासाठी वाचायला शिकले पाहिजे. अक्षरे तर आपण शिकलो. आता अक्षरांच्या मागचा माणूस वाचायला शिकायचे. फिनलंड या छोट्या देशात हे शाळेतच शिकवतात. बातमी, जाहिरात, चित्र समोर ठेवून मुलांना विचारायला लावतात की हे कोणी केले, कशासाठी केले. आपल्याला मात्र हा धडा परक्या देशातून आणण्याची गरज नाही. १९२० साली 'मूकनायक' निघाले तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. बाबासाहेबांनी त्याच वेळी ओळखले की ज्याच्या हाती छापखाना, त्याच्या हाती आपली कीर्ती आणि अपकीर्ती. महाडच्या मारहाणीनंतर पंधरा दिवसांत, ३ एप्रिल १९२७ रोजी, त्यांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केले. लाठीला त्यांनी दिलेले उत्तर छापील होते.

खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सुरुवातीच्या बातम्यांत तिला अनैतिक संबंधांवरून चिडलेल्या गावकऱ्यांचे कृत्य असा रंग दिला गेला. जात बातमीतून गळाली होती. पुढे २००८ साली विशेष न्यायालयाने आणि २०१० साली हायकोर्टाने आरोपींना दोषी ठरवले. परंतु अॅट्रॉसिटी कायदा लागू होतो असे दोघांनीही मानले नाही. पहिल्या दिवशी बातमीत कोणता शब्द आला आणि कोणता आला नाही, हे पाहण्याची नजर आपल्या मुलामुलींना हवी, ती यासाठी.

आता सर्वांत कठीण गोष्ट. द्वेष नेहमी समोरूनच येतो असे नाही. म्यानमार हा बुद्धाला मानणारा देश. तेथे चीवर घातलेल्या काही भिक्खूंनीच मुस्लिमांविरुद्ध विषारी भाषणे केली. फेसबुकवरून ती घराघरात गेली. २०१७ साली लष्कराच्या कारवाईनंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या लोक घरदार सोडून बांगलादेशात पळाले. आपला वापर हिंसा भडकवण्यासाठी होऊ नये म्हणून पुरेसे काही केले नाही, हे २०१८ साली फेसबुक कंपनीलाही मान्य करावे लागले. परंतु त्याच देशात मेइक्तिला गावी २०१३ साली दंगल पेटली, तेव्हा एका विहाराच्या प्रमुख भिक्खूंनी शेकडो मुस्लिमांना विहारात आसरा दिला आणि जमावाला दारातून परत पाठवले. चीवर दोन्हीकडे होते. सम्यक वाचा एकीकडेच होती.

हे वाचून झाल्यावर थोरलीने भाच्याला जवळ बसवले. तिच्या घरात बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत आणि ती हंगामात दिवसाचे दहा तास गणपतीच्या मुकुटावर खडे चिकटवते. ती पूजा करत नाही आणि कारखान्यातल्या बायका तिला तसा आग्रह करत नाहीत. ती म्हणाली, "तुझ्या मोबाइलमधली चित्रं त्या बायकांना दाखवशील का? आपण देव मानत नाही, ते तोंडावर सांगू. का मानत नाही, तेही सांगू. पण मानणाऱ्याला घाण म्हणायचं, तर मग त्या चित्रात आणि तुझ्या चित्रात फरक काय?" तो बराच वेळ वाद घालत राहिला. "त्यांनी केलं तर चालतं, आम्ही केलं की शील आठवतं," असे म्हणाला. त्याच्या बोलण्यात तथ्य होते. शेवटी त्याने चित्रे पुसली. त्याचा राग गेला असे आम्ही म्हणणार नाही. राग असावा; बाबासाहेबांनाही तो होता. त्यांनी त्याचे वर्तमानपत्र केले, दावे केले, राज्यघटना केली.

आता आमच्या दोन्ही घरांत काही नियम ठरले आहेत. आलेला संदेश कोणाचा, कधीचा आणि कशावरून, हे कळल्याशिवाय तो पुढे पाठवायचा नाही. वाचून छातीत धडधड झाली तर एक रात्र जाऊ द्यायची. आपल्या समाजावर हल्ला झाल्याची बातमी आली तर आधी त्या गावच्या माणसाला फोन करून विचारायचे. अपमानाचा मजकूर आला तर तो पुसायचा नाही, पसरवायचा नाही, जपून ठेवायचा आणि चार जाणती माणसे घेऊन ठाण्यात जायचे. दुसऱ्याच्या अपमानाचा मजकूर आपल्याच माणसाने टाकला तर गप्प बसायचे नाही. त्या साठ-सत्तर जणांत एकाने जरी "हे बरोबर नाही" असे लिहिले असते, तर आम्हाला किती धीर आला असता, हे आम्ही विसरलेलो नाही.

पंचशील आपण रोज म्हणतो. त्यातील चौथे शील खोटे न बोलण्याचे. पूर्वी ते तोंडापुरते होते, आता ते अंगठ्यालाही लागू झाले आहे. आपल्या विहारात रविवारी मुले जमतात, तेव्हा वंदनेनंतर दहा मिनिटे आठवड्यातला एखादा संदेश किंवा बातमी मध्ये ठेवा आणि मुलांनाच तपासायला सांगा. पैसा लागत नाही, पाहुणा वक्ता लागत नाही. न्यायाला वेळ लागणार आहे. तोवर अफवेला आपल्या घरातून वाट मिळू नये, एवढे आपल्या हाती आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!